पहिल्या खेपेचं खोटं

आमच्या लेआउटमधले जमादारकाका अनोळखी माणसाला पहिल्या खेपेला कधीच खरं सांगत नसत. कुणी पत्ता विचारला तर "मी नवीन आहो इथं" म्हणायचे, आणि नागपुरात मानेवाड्याच्या त्या घरात त्यांची तीस वर्षं गेलेली. नाव विचारलं तर शेजाऱ्याचं सांगायचे. शेजारी म्हणजे बहुतेक वेळा माझे वडील, त्यामुळे आमच्या घरी नको नको त्या योजनांची पत्रकं येऊन पडायची. मी एकदा तक्रार केली, तर उलट मलाच समजावायला बसले. "खरा मानूस दोनदा येते वं पोरी. चोराले तेवढा टाइम नसते. एका चकरेत नाही जमलं का तो दुसरं घर पाहते. म्हणून पहिल्या खेपेले खाली हातानं वापस पाठवाचं. दुसऱ्यांदा आला का मंग चहा पाजाचा."

काका गेले त्याला दोन वर्षं झाली. अजूनही मला अनोळखी नंबरवरून फोन आला की उचलून आधी गप्प राहते. समोरचा 'हॅलो, हॅलो' करत दमला की मग बोलते. हे त्यांनी लावलेलं वळण.

पोलीस खात्यातून ते हेडकॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाले होते. आमच्याकडे हेडकॉन्स्टेबलला जमादारच म्हणतात. शेवटची पंधरा वर्षं उत्तर नागपुरातल्या एका ठाण्यात पासपोर्टच्या चौकशीचं काम त्यांच्याकडे होतं. अर्जदाराच्या घरी ते सगळ्यांत शेवटी जायचे. आधी पानठेला, मग किराणा, मग इस्त्रीवाला. "घरचे सांगतात ते त्याइच्या सोयीचं असते," असं त्यांचं मत. जरीपटक्याकडे सीमेपलीकडून आलेली, नागरिकत्वाच्या कागदाची वर्षानुवर्षं वाट पाहणारी कुटुंबं होती. त्यांच्याही चौकशा काकांनी केल्या. त्या चौकशांबद्दल ते नोकरीत असताना मोठ्या ऐटीत बोलायचे, नंतर मात्र बोलेनासे झाले. का, ते पुढे येईलच.

मी लेआउटच्या तोंडाशी, घराच्या पुढच्या खोलीत झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवते. काका माझं रोजचं गिऱ्हाईक. कागद मशीनवर ठेवायला माझ्या हातात देत नसत, स्वतः ठेवायचे. काच पुसून घ्यायचे. प्रत निघाली की तिच्यावर आडवी रेघ मारून 'फक्त गॅस कनेक्शनसाठी' असं लिहायचे आणि खाली सही. एकदा त्यांनी नातेवाइकाच्या लग्नपत्रिकेची झेरॉक्स काढली, तिच्यावरही सवयीनं रेघ मारली. मी हसले तर म्हणाले, "हास, हास. एक दिवस तुह्याच झेरॉक्सवर कोनी लोन उचलन."

तिखटाचीही तीच गत. बाजारात भिवापुरी म्हणून मिरची मिळते, पण ती भिवापूरची कशावरून? काका दर उन्हाळ्यात एसटीनं स्वतः भिवापूरला जायचे आणि तिथंही मिरची लगेच घ्यायचे नाहीत. दोन-चार मिरच्या खिशात टाकून घरी आणायचे, वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवायचे, पाणी रंगलं की माल बाद. पाणी स्वच्छ राहिलं तर दुसऱ्या खेपेला पोतं. काकू होत्या तोवर त्या कपाळाला हात लावायच्या. त्या गेल्यावर एकट्यासाठी पोतं कशाला, असं विचारायची कुणाची हिंमत नव्हती. निम्मी मिरची आमच्याच घरी यायची, हेही खरं.

अशा माणसाचा एकुलता एक मुलगा पंकज. इंजिनिअर झाला, शिकायला अमेरिकेला गेला, तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं आणि कायम राहण्याचं कार्ड मिळवलं. पुढं नोकरी गेली, आणि त्यानं एक दिवस फोनवर सांगितलं की तो तिकडच्या फौजेत भरती झाला आहे. फौजेत नोकरी केली की नागरिकत्व लवकर मिळतं. काका तसेच चपला न घालता माझ्या दुकानात आले.

"परदेशी मानसाच्या हातात बंदूक कोन देते वं?" ते म्हणाले. "आमच्या ठाण्यात नव्या शिपायाले सहा महिने लाठी नव्हती भेटत. काहीतरी भानगड आहे."

मी इंटरनेटवर शोधून दाखवलं की असा कायदा आहे, तिकडं कितीतरी देशांतली मुलं असं करतात. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, "हे कोनं लिहिलं?" त्यानंतर महिनाभर त्यांनी पंकजचा फोन घेतला नाही. राग होता की संशय, ते मला तेव्हाही कळलं नाही. त्या महिन्याची किंमत पुढं मोजावी लागली.

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मात्र फोन आला आणि त्यांनी तो उचलला. मीही होते. पंकज एका दमात चार वाक्यं बोलला, मी पोहोचलो, मी ठीक आहे, खायला काही पाठवू नका, पुढचा फोन बऱ्याच दिवसांनी येईल, आणि फोन बंद. काका फोनकडे बघत बसले. "हे बोलनं नाही, वाचनं आहे," ते म्हणाले. "त्याच्या हातात कागद आहे अन् बाजूले कोनीतरी उभा आहे." मला त्यांचं हसू आलं. प्रशिक्षण संपल्यावर पंकजनं स्वतः सांगितलं की भिंतीवर वाक्यं लिहून चिकटवलेली होती, सगळी पोरं तीच वाचत होती आणि हवालदार डोक्याशी उभा होता. त्या दिवसापासून मी काकांना हसणं जरा कमी केलं.

प्रशिक्षण झालं. बरोबरच्या दोघा-तिघांचं नागरिकत्व तिथंच झालं, पंकजचं राहिलं. त्याचा जन्माचा दाखला उशिरा काढलेला होता. काकूंचं बाळंतपण माहेरी, खेड्यात झालेलं. नोंद करायची राहून गेली ती पोरगा कॉलेजात जाईपर्यंत. आपल्याकडे निम्म्या लोकांचं असंच असतं. तिकडच्या साहेबांना मात्र वीस वर्षांनी जन्मलेला कागद पचेना. चौकशी होईल, वाट पाहा, असं उत्तर आलं.

मग एका सकाळी व्हिडिओ कॉल चालू असताना काकांनी मला खूण करून बोलावलं आणि आवाज बंद करून म्हणाले, "त्याच्या मागं भिंतीवर प्लग पाह्य. मागच्या हप्त्यात चपट्या चिरा होत्या. आता गोल भोकं आहेत. हा पोरगा त्या देशात नाही." मी मनात म्हटलं, आता कठीण आहे. पण नेटवर शोधलं तर खरंच, अमेरिकेत तसले प्लग नसतातच. आवाज चालू करून त्यांनी ठाण्यातल्या आवाजात विचारलं, "पंकज, कुठं आहेस तू?" पाच मिनिटं टाळाटाळ झाली आणि पोरानं कबूल केलं की त्याला एका वर्षासाठी कोरियात पाठवलंय आणि तिथं पोहोचून पाच दिवस झालेत.

"उत्तर का दक्षिण?"

"दक्षिण, बाबा. म्हणूनच सांगत नव्हतो. तुम्ही महिनाभर उलटतपासणी घेतली असती."

"तू आमच्याशी लपवाछपवी करून राहिला अन् वरून आमालेच बोलतं का गा?"

दोघंही हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले होते. आता नागरिकत्वाची मुलाखत तिकडच्या छावणीतच होणार होती, फक्त चौकशीचा अहवाल यायचा होता. तो नीट आला नाही तर फौजेतलं पुढचं सगळं अडणार होतं, आणि दाखला खोटा ठरला तर अमेरिकेत राहण्याचं कार्डही जाणार होतं. पंकजनं हे आम्हाला शांतपणे सांगितलं, पण तो सारखा कपाळ चोळत होता.

त्याच सुमारास आमच्या लेआउटमध्ये एका निवृत्त शिक्षकांना ठगांनी व्हिडिओ कॉलवर 'अटक' करून दोन दिवस घरात बसवून ठेवलं. काकांना जोर चढला. गणपतीच्या मंदिरात त्यांनी सगळ्यांना बोलावून ताकीद दिली की अनोळखी माणसाला कुणाबद्दल काहीही सांगायचं नाही, ओळखतो असंही नाही. पानठेल्यावाल्याला वेगळं बसवून शिकवलं. माझ्याकडून तर चक्क पाठ करून घेतलं.

पंधरा दिवसांनी दुपारी एक माणूस माझ्या दुकानात आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात हेल्मेट, गळ्यात ओळखपत्र. हिंदीत विचारलं की या नावाचे निवृत्त पोलीस इथं राहतात का, त्यांना पंकज नावाचा मुलगा आहे का, तो इथंच लहानाचा मोठा झाला का. मी ओळखपत्राकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "मालूम नहीं," म्हटलं आणि प्रिंट काढत राहिले. ज्या पोराला मी सायकल शिकवली, त्याच्याबद्दल. पानठेल्यावाल्यानं तर सांगितलं की या गल्लीत पोलीस कुणी राहतच नाही. शेवटी तो काकांच्या फाटकाशी गेला. मी दुकानातून पाहत होते. काकांनी फाटक उघडलं नाही. दोन मिनिटं बोलणं झालं आणि तो मोटरसायकलवर बसून निघून गेला.

काका खुशीत दुकानात आले. "मले इचारते, तुमचा पोरगा पंकज का? म्हटलं, मले पोरगाच नाही. खरा असन तर येईन दुसऱ्यांदा."

तो आला नाही. महिन्याभरानं पंकजचा फोन आला. त्या वेळी काका माझ्याकडेच बसले होते, फोन स्पीकरवर होता.

"बाबा, त्यांनी माझी फाइल थांबवली. वकिलातीनं घरी पाठवलेल्या माणसाच्या अहवालात लिहिलंय की वडिलांनी मुलगा असल्याचं नाकारलं. शेजाऱ्यांनीही ओळखलं नाही."

काका खुर्ची ओढून फोनच्या जवळ सरकले.

"बाबा, तुम्ही रागानं म्हणालात का? मी इथं भरती झालो म्हणून?"

"नाही रे. मले वाटलं, ठग आहे."

"खरं सांगा."

"खरंच सांगून राहिलो."

"ठीक आहे," पंकज म्हणाला. तो 'ठीक आहे' कसा होता ते मला अजून ऐकू येतं. त्याला बापाचा शब्द पटला नव्हता. बापानं जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला आणि पोरगा नेमकं तेच शिकला होता. फोन बंद झाल्यावर काका मला म्हणाले, "आता माह्या मनात काय होतं, त्याचा कागद कुठून आणू वं?"

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. फाइल पुन्हा उघडण्यासाठी पंकजनं अर्ज केला होता, चौकशी पुन्हा होणार होती, कधी ते ठाऊक नव्हतं. काका सकाळी नऊ वाजल्यापासून फाटक सताड उघडं टाकून खुर्चीवर बसायचे. मांडीवर फाइल. तिच्यात पंकजचा शाळा सोडल्याचा दाखला, काकूंच्या बाळंतपणाच्या वेळचं माहेरून आलेलं पोस्टकार्ड आणि स्वतःच्या सर्व्हिस बुकातली ती पानं, जिथं कुटुंबाच्या रकान्यात त्याचं नाव होतं. येईल त्याला सांगायचे, "पंकज माझा पोरगा आहे." कुरिअरवाल्याला सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं. एकदा कुठल्याशा बँकेच्या कार्डासाठी एका मुलीचा फोन आला, तर तिला पंकजची जन्मतारीख, शाळा, अंगावरची खूण, सगळं एका दमात सांगून मोकळे झाले. आधार नंबर सांगायला लागले तेव्हा मी हातातून फोन ओढून घेतला. मला रडू आलं. त्या माणसानं सगळीकडे संशय घ्यावा, वाटेल तितक्या रेघा माराव्यात, पण असं कुणापुढंही उघडं पडू नये असं मला वाटत होतं.

त्याच दिवसांत ते जरीपटक्याच्या चौकशांबद्दल एकदा बोलले. एक म्हातारे गृहस्थ होते, दर सोमवारी ठाण्यात येऊन विचारायचे, माझा अहवाल गेला का. "कागद बराबर होता त्याचा," काका म्हणाले. "मी उगाच पुढच्या सोमवारी ये म्हणो. पाहू म्हटलं, किती वेळा येते." एवढं बोलून उठून गेले.

वकिलानं सांगितलं की प्रतिज्ञापत्र करून पाठवा. मी मसुदा टाइप करून दिला, तो त्यांनी बाजूला ठेवला आणि स्वतःच्या हातानं लिहायला घेतला, जन्मभर दुसऱ्यांचे जबाब लिहिले त्याच भाषेत. मी तो स्कॅन केला म्हणून मला जवळजवळ पाठ आहे. "समक्ष विचारल्यावरून लिहून देतो की, मला एकच मुलगा असून त्याचे नाव पंकज आहे. माझ्या घरी आलेल्या इसमास मी मला मुलगा नाही असे सांगितले, ते खोटे सांगितले. तसे सांगण्यास मला कोणी भाग पाडले नाही. मुलावर राग होता म्हणून सांगितले, असेही नाही. मला तशी सवय आहे." वकील म्हणाला, शेवटचं वाक्य काढा, बरं दिसत नाही. काकांनी काढलं नाही. माझंही प्रतिज्ञापत्र झालं, मी ओळखत असूनही नाही म्हटलं असं. पानठेल्यावाला पण सही करून आला.

जबाबाचा फोटो पंकजला पाठवला. दोन दिवसांनी त्याचा एका शब्दाचा निरोप आला, 'मिळाला'. काकांनी त्या एका शब्दाचा किती कीस पाडला असेल! त्यात राग आहे का, घाईत लिहिला का, दोन दिवस का लावले. मला मात्र पंकजनं वेगळा फोन केला होता.

"ताई, ते शेवटचं वाक्य तू लिहायला लावलंस ना बाबांना?"

"नाही गा. त्याइनंच लिहिलं."

"नक्की?"

"वकील खोडाले सांगत होता. तुह्या बाबानं खोडू नाही देल्लं."

मग म्हणाला, "तसंच असेल. असं वाक्य दुसरं कुणी लिहिणार नाही."

चौकशीवाला पुन्हा आला, तोच, हेल्मेटवाला. काकांनी त्याला हात धरून आत नेलं, चहा पाजला, फाइल दाखवली, आणि तो निघाला तेव्हा त्याच्याबरोबर पानठेल्यापर्यंत चालत गेले. पुढं अडीच महिन्यांनी कोरियातल्या छावणीत पंकजची शपथ झाली. आम्ही दुकानातल्या कॉम्प्युटरवर पाहिली. गणवेशातली वीसेक पोरं, प्रत्येकाचा उजवा हात वर. शपथेत काय म्हणतात ते काकांनी मला मराठीत सांगायला लावलं. आजवरच्या देशावरची निष्ठा सोडतो, असं त्यात होतं. मी ते थोडं सौम्य करून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बराबर सांग." मग बरोबर सांगितलं. शपथ झाल्यावर पंकज कॅमेऱ्यापुढं आला तेव्हा त्यांनी त्याला कडक सॅल्यूट ठोकला, बसल्या बसल्याच, आणि चष्मा पुसत बसले.

कोरियातलं वर्ष संपल्यावर पंकज सुट्टीवर नागपूरला आला. बाप-लेकाची ती शेवटची भेट ठरली, पण तेव्हा कुणाला काय माहीत. संध्याकाळी तो घरी पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच काका शटरपाशी उभे. हातात पंकजचा नवा, निळा पासपोर्ट.

"परदेशी मानूस घरी मुक्कामाले आला का चोवीस तासांत सरकारले कळवा लागते," ते म्हणाले. "आमच्या टाइमले कागदावर होतं, आता ऑनलाइन झालं म्हनतात. भर."

"काका, पंकज आहे तो!"

"पासपोर्ट पाह्य कोनाचा आहे ते."

मी फॉर्म उघडला. नाव, देश, व्हिसाचा नंबर. ते एकेक अक्षर पासपोर्टशी ताडून सांगत होते, आवाजात जराही फरक नव्हता. भारतात ओळखीचं कोण, या रकान्यात त्यांनी आपलं नाव सांगितलं आणि पुढं "बाप" असंही लिही म्हणाले. येण्याचं कारण विचारलं तर म्हणाले, "लिही, घरी आला." यादीत तसं काही नव्हतं. पर्यटन होतं, व्यवसाय होता, नातेवाइकांची भेट होती. मी नातेवाइकांची भेट निवडलं.

पुढचा रकाना होता, मुक्काम किती दिवस.

"तो खाली सोड," काका म्हणाले.

मी रिकामा सोडून पुढं गेले. फॉर्म परत तिथंच आला, रकाना लाल झाला.

"पुन्हा कर."

पुन्हा लाल झाला. तिसऱ्यांदाही त्यांनी मला करायला लावलं. मग पासपोर्ट मिटून खिशात ठेवला आणि म्हणाले, "चौदा भर."